टावर कुठं उभा राहणार, हे कोण ठरवणार?

(अकोला-अमरावतीकडच्या तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण. बोलण्याचा बाज होता तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून तुमच्यातल्या काहींनी नाकं मुरडली. अत्याचार राहिले, आरक्षण राहिलं, जमीन राहिली आणि हा माणूस मोबाईलच्या टावरवर काय बोलणार? मी म्हणतो, टावर म्हणजे जमीनच. टावर म्हणजे ग्रामपंचायत, टावर म्हणजे कायदा, आणि गावात कुणाचा शब्द चालतो त्याचा लोखंडी पुरावा म्हणजे टावर. चाळीस मीटर उंच. दोन कोसांवरून दिसतो.

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, कोणत्याही तालुक्यात जा. टावर येणार अशी कुणकुण लागली की पारावर दोन आवाज निघतात. एक म्हणतो, "टावर आला त पोट्ट्याइले कॅन्सर व्हते, पाखरं मरते, गाव बुडते." दुसरा म्हणतो, "टावर नाई त पोट्टीचा फारम भरता येत नाई, मजुरी जमा झाली का नाई थेबी समजत नाई. मंग कायले अडवता?" दोन्ही आवाज आपलेच आहेत. दोघंही खोटं बोलत नाहीत. एक भीतीतून बोलतो, दुसरा गरजेतून. कंपनी गरजेवर धंदा करते आणि गावपुढारी भीतीवर मतं मागतो. चळवळीनं यातली एक बाजू उचलून घोषणा द्यायच्या नाहीत. चळवळीनं तिसरा प्रश्न विचारायचा: टावर कुठं? कुणाला विचारून? भाडं कुणाच्या खिशात आणि त्रास कुणाच्या दारात?

हा प्रश्न आपणच का विचारायचा? कारण गावाचा नकाशा आपल्याला पाठ आहे. सांडपाणी ज्या बाजूला वाहतं त्या बाजूला आपली वस्ती. मेलेलं ढोर टाकायची जागा, उकिरडा, मसणवटा, सगळं त्याच अंगाला. हा नकाशा कोणत्या ग्रामसभेनं मंजूर केला होता? कुणी हरकती मागवल्या होत्या? जे कुणालाच आपल्या दारात नको होतं, ते जिथं विरोध स्वस्त होता तिथं सरकवलं गेलं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याचं गुणगान करणाऱ्यांना सुनावलं ते उगाच नाही. त्यांना हा नकाशा माहीत होता.

आता नीट ऐका. प्रत्येक टावर आपल्याच वस्तीला खेटून उभा आहे, असं मी म्हणत नाही. मोजल्याशिवाय तसं म्हणायचंही नाही. मी म्हणतो, मोजा. आपापल्या तालुक्यातले टावर एका कागदावर मांडा. प्रत्येक टावर कुणाच्या सर्व्हे नंबरात आहे, सगळ्यात जवळचं घर किती पावलांवर आहे आणि ते कुणाचं आहे, हे लिहा. मग आपण भाषण करू नये. आकड्यांनाच करू द्यावं.

मोजल्याशिवाय बोललं की काय होतं त्याचा दाखला देतो. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात चिखलहोळ नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं लोकांच्या तक्रारीवरून टावरचं काम थांबवायचा ठराव केला. कारण दिलं, टावरच्या किरणांनी कॅन्सर होतो. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं तो ठराव रद्द केला. किरणांनी कॅन्सर होतो याला शास्त्रीय आधार पुढं आलेला नाही, तेव्हा अशा भीतीवर ठराव टिकत नाही. गाव हरलं. पण गाव कशावर हरलं ते बघा. गावानं फक्त कॅन्सर धरला. पाया, आवाज, धूर, अंतर, दुसरी जागा, यातलं काही धरलं असतं तर कंपनीला त्या त्या मुद्द्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. कॅन्सर म्हटल्याबरोबर तिचं काम सोपं झालं.

आपण बुद्धाला मानणारे. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही आपली शिकवण. ती देवळापुरती आणि अंगारा-धुपाऱ्यापुरती ठेवायची का? किरणांच्या बाबतीतही तीच लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मे २०११ मध्ये या रेडिओ लहरींना 'कदाचित कर्ककारक' या गटात टाकलं. हे खरं. पण त्या गटाचा अर्थ पुरावा अपुरा आहे, शंका पूर्ण फिटलेली नाही, एवढाच. पुढं २०२४ साली त्याच संघटनेनं करवून घेतलेल्या एका मोठ्या आढाव्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. हेही खरं. दोन्ही सांगायचं. अर्धं सांगणारा एक तर कंपनीचा एजंट असतो, नाही तर भोंदू.

लहर चालते कशी तेही समजून घ्या. अँटेना कंदिलासारखी चहूकडं उजेड टाकत नाही, टॉर्चसारखी समोर झोत टाकते. झोत टावरच्या पायथ्याशी पडत नाही, डोक्यावरून पुढं जातो आणि लांब जाऊन जमिनीला टेकतो. अंतर दुप्पट झालं की जोर चौथाईवर येतो. म्हणून सगळ्यात जास्त जपायचं ते अँटेनाच्या समोर, तिच्याच उंचीवर राहणाऱ्यानं. केंद्राच्या दूरसंचार खात्यानं २०१३ मध्ये राज्यांना जी मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यात हेच अंतर मांडलं होतं: समोर एक अँटेना असेल तर २० मीटर, दोन असतील तर ३५, चार असतील तर ४५, सहा असतील तर ५५, बारा असतील तर ७५. हे शहरातल्या गच्चीगच्चीचं गणित आहे. आपल्या वस्तीत घर बारा-पंधरा फुटांचं, पत्र्याचं. चाळीस मीटरवरची अँटेना त्याच्या कितीतरी वर. आणखी एक गोष्ट. नेटवर्क जितकं अशक्त, तितका हातातला मोबाईल जास्त जोर लावून लहर फेकतो. म्हणजे टावर लांब हाकलला की लहर आपोआप कमी झाली, असंही नाही.

१ सप्टेंबर २०१२ पासून भारतानं लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. मर्यादा मोडली तर दंड ठेवला. २०१७ मध्ये 'तरंग संचार' नावाचं पोर्टल काढलं. कोणत्या टावरची काय स्थिती ते तिथं बघायचं, आणि ४००० रुपये भरले तर सरकारी माणूस येऊन मोजून देणार. चार हजार रुपये! सोयाबीन सोंगणाऱ्या बाईनं किती दिवस विळा चालवायचा त्यासाठी? हक्क दिला आणि त्याच्या दाराला तिकीट लावलं. म्हणून मी म्हणतो, वस्तीनं मिळून भरा, नाही तर ग्रामपंचायतीला भरायला लावा. आणि ज्या दिवशी मोजणी होईल त्या दिवशी लागू असलेली मर्यादा लेखी मागा.

मुंबईत मलबार हिलवर सह्याद्री अतिथीगृहाच्या गच्चीवर अँटेना होत्या. २०११ च्या सुमारास समोर राहणाऱ्या जुही चावलानं आवाज उठवला, तर देशभर बातमी झाली. तीच बाई २०२१ मध्ये फाईव्ह-जीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा हा प्रसिद्धीचा खटाटोप आहे म्हणून न्यायालयानं २० लाखांचा दंड ठोकला. पुढं तो कमी झाला. दुसरीकडं ग्वाल्हेरला लोकांच्या घरी काम करणारा एक गडी कॅन्सरचा पेशंट म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१७ मध्ये न्यायालयानं शेजारचा बीएसएनएलचा टावर बंद करायला सांगितलं. यावरून शास्त्राचा निवाडा काढू नका. एवढंच काढा की गरीबसुद्धा दार ठोठावू शकतो, आणि श्रीमंताचंही भीतीचं नाणं प्रत्येक वेळी चालत नाही.

मग गरिबानं धरायचं काय? या, आपणच पाहणी करू. समजा, खारपाणपट्ट्यातलं एक गाव आहे. पूर्णेच्या खोऱ्यातलं. वस्तीच्या मागं पाटलाचा तुकडा आहे, त्यात टावर येणार म्हणतात. साहेब येतील तेव्हा येतील. आपण आधी जाऊ.

पहिली गोष्ट माती. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात भेगेत हात जातो. आपल्या घरांच्या भिंती याच मातीनं तडकवल्या. त्यात खारं पाणी, लोखंडाला खाणारं. अशा मातीत चाळीस मीटरचं लोखंड उभं करणार असाल तर मातीची तपासणी कुणी केली, पाया किती खोल, इंजिनिअरचा दाखला कुठं आहे, ते दाखवा म्हणायचं. त्या दाखल्यावर सही आहे त्या माणसानं हे शेत पाहिलं तरी का?

दुसरी गोष्ट अंतर. टावर उद्या आडवा झाला तर कुठवर पोचतो? चाळीस मीटरचा टावर चाळीस मीटरवर पोचतो. त्या वर्तुळात किती घरं, अंगणवाडी आहे का, हातपंप आहे का? याला कोर्ट-कचेरी लागत नाही. दोरी लागते.

तिसरी गोष्ट जनरेटर. खरा छळ इथं आहे. वीज गेली की डिझेलचं धूड सुरू. भारनियमन आहे तिथं रात्र रात्र. धूर आपल्या पत्र्यावर, घरघर आपल्या उशाशी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ही मर्यादा काय फक्त भीमजयंतीच्या डीजेसाठी आहे? जनरेटर वस्तीच्या उलट्या अंगाला ठेवा, त्याला बंद पेटी करा, धुराडं उंच करा, नाही तर बॅटरी आणि सोलर लावा. हे मागण्यासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नाही.

चौथी गोष्ट, दुसरी जागा. हाच टावर दोनशे मीटर पलीकडं, बांधाच्या कडेला गेला तर नेटवर्क जातं का? बहुतेक वेळा कंपनीला जागा हवी असते ती रस्ता जवळ, विजेचा खांब जवळ आणि मालक राजी म्हणून. या तीन गोष्टींत वस्ती कुठंच नाही. कंपनीच्या कागदात मालक आहे, माणसं नाहीत. ती माणसं कागदावर आणायची, हेच आपलं काम.

आता कायद्याकडं या. कारण कायदा आपल्या पायाखालून सरकवला जातो आहे आणि आपण रिंगटोन बदलत बसलोय. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात गावातल्या बांधकामाला पंचायतीची परवानगी हा मुद्दा आहे. त्या जोरावर ना-हरकत दाखला मागितला जायचा. पुढं केंद्रानं नोव्हेंबर २०१६ मध्ये 'मार्गाचा हक्क' म्हणून नियम काढले. २०२२ च्या दुरुस्तीनं खाजगी जागेवर मालक आणि कंपनी यांचा करार झाला की वेगळ्या परवानगीची गरज ठेवली नाही; आगाऊ कळवायचं आणि इंजिनिअरचा दाखला द्यायचा. मग २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याखालचे नवे नियम लागू झाले. सरकारी जागेसाठी अर्ज केला आणि ठरल्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरून चालायचं. आणि खाजगी मालक नाही म्हणाला तरी लोकहिताचं कारण दाखवून केंद्र सरकार कंपनीला वाट करून देऊ शकतं.

करही बघा. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की टावरवर मालमत्ता कर बसवता येतो. २०२३ च्या कायद्यानं म्हटलं, ज्या जागेवर टावर आहे त्या मालमत्तेचा तो भागच धरायचा नाही, मालमत्ता करासाठीसुद्धा नाही. आपल्या झोपडीवर घरपट्टी आहे, चाळीस मीटरच्या लोखंडाला मोकळीक.

लोकहित! हा शब्द लक्षात ठेवा. 'लोक' म्हणजे कोण? १९२७ साली अमरावतीत अंबादेवीच्या दारात हाच प्रश्न होता. देऊळ सार्वजनिक, पण आपण सार्वजनिकात बसत नव्हतो. त्या नोव्हेंबरात अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली ती या 'सार्वजनिक' शब्दाचा हिशेब मागायला. आज कायद्यात 'लोकहित' लिहिलंय. त्या लोकांत वस्तीतली म्हातारी आहे का, हे विचारल्याशिवाय तो शब्द गिळू नका.

आणि जमीन बघा, जमीन. गायरान, ज्याला आपल्या वऱ्हाडात ई-क्लास म्हणतात. डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लाखोंनी तुरुंग भरले. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, एवढीच मागणी. लोकांनी दगड वेचले, नांगर घातला, पिकं काढली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं काढायचा आदेश दिला आणि गावोगावी नोटिसांचा पाऊस पडला. ज्यांच्या दोन पिढ्या त्या मातीत गेल्या ते एका कागदानं 'अतिक्रमक' झाले. आणि त्याच सुमारास केंद्राची योजना आली, जिथं नेटवर्क नाही त्या गावांना फोर-जी द्यायची. त्यासाठी राज्य सरकारनं बीएसएनएलच्या टावरला दोनशे चौरस मीटर सरकारी जागा मोफत द्यायचं ठरवलं. टावरला विरोध म्हणून मी हे सांगत नाही. बीएसएनएल सरकारी आहे, गावाला नेटवर्क लागतं, द्या जागा. पण मग हे कबूल करा की सरकारला मनात आलं की जमीन सापडते. लोखंडाला सापडते. मग माणसाला का सापडत नाही?

आता सातपुड्यावर चला. मेळघाट. इथं उलटंच आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या कितीतरी पाड्यांना टावरचा त्रास नाही, कारण टावरच नाही. निवडणूक आली की वायरलेस संच घेऊन पथकं चढतात. मतासाठी नेटवर्कची सोय होते, बाळंतिणीसाठी होत नाही. १९९३ पासून मेळघाटातली कुपोषणाची मढी वर्तमानपत्रात मोजली जाताहेत. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे, पण १०८ फिरवायला मोबाईलला रेघ तर पाहिजे! रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर फोटोसकट हजेरी सक्तीची केली. रेघ नाही, हजेरी अडकली. हजेरी अडकली, मजुरी अडकली. ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंदसुद्धा मोबाईलवर. जिथं टावर दिला नाही तिथंही टावरवर चालणारं राज्य लादलं. कोरकू माणसानं डोंगर चढून झाडावर मोबाईल बांधायचा आणि त्याला म्हणायचं, तुझा डेटा आला नाही.

जंगल आहे, वाघ आहे, म्हणून टावर नाही, असं सांगतात. वाघ जगला पाहिजे. पण २००६ च्या वनहक्क कायद्यातलं कलम ३ चं पोटकलम २ वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या आणि दूरसंचाराच्या तारा, अशा सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि शिफारस ग्रामसभेनं करायची. मंत्रालयानं नव्हे, ग्रामसभेनं. धारणी, चिखलदरा हे पेसाखालचे तालुके आहेत. याच अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरच्या लोकांनी सामूहिक वनहक्क मिळवून उजाड जंगल पुन्हा उभं केलं आणि २०१४ मध्ये त्यांची जैवविविधतेच्या पुरस्कारासाठी निवड झाली. ग्रामसभा म्हणजे चहा पिऊन अंगठा देणं नव्हे, हे त्यांनी दाखवलं.

म्हणजे खाली सपाटीवर वस्तीला न विचारता टावर येतो, आणि वर डोंगरात वस्तीनं मागूनही येत नाही. दोन्हीकडं दुखणं एकच: जागा ठरवताना आपला आवाज मोजत नाहीत. म्हणून आपली मागणी 'टावर हटाव' नाही आणि 'टावर लाव' एवढीही नाही. आपली मागणी आहे, जागा ठरवताना आम्ही हजर पाहिजे.

हजर राहायचं कसं? वर्षातून चार तरी ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी ते. आपली वस्ती सगळी उठून गेली तर निम्मी सभा आपलीच होते. त्याआधी बायांची वेगळी सभा असते. जनरेटरचा आवाज रात्री कोण ऐकतं, मूल कुणाच्या मांडीवर दचकतं, हे बाया सांगतील. त्यांचं तिथं लिहून घ्या. मग ठराव असा मांडा: 'आमचा नेटवर्कला विरोध नाही. नियोजित जागेपासून इतक्या मीटरवर इतकी घरं आहेत. मातीतपासणीचा अहवाल आणि इंजिनिअरचा दाखला ग्रामसभेपुढं ठेवावा. जनरेटर वस्तीच्या उलट बाजूला, बंद पेटीत ठेवावा. अमुक सर्व्हे नंबरातली पर्यायी जागा तपासावी. टावर सुरू झाल्यावर लहरींची मोजणी करून आकडा पंचायतीच्या फळ्यावर लावावा.' यात कॅन्सर नाही, शाप नाही, पाखरं नाहीत. चिखलहोळचा ठराव ज्या कारणानं पडला ते कारणच यात नाही.

सचिव म्हणेल, ठराव लिहून घेत नाही. तर अर्ज द्या, पोच घ्या. माहितीच्या अधिकारात फायलीची नक्कल मागा. जिल्हा पातळीवर टावरच्या तक्रारींसाठी समिती असावी, असं २०१३ च्या सूत्रांतच होतं. कलेक्टर कचेरीत जाऊन विचारा, ती बसते का, कधी बसली होती. आणि नवे नियम मुदतीवर चालतात. आपण महिनाभर झोपलो तर आपली झोप हीच संमती धरली जाईल. म्हणून खबर लागल्याच्या आठवड्यात कागद गेला पाहिजे.

काही पोरं म्हणतील, एवढ्यासाठी का चळवळ? आम्हाला क्रांती पाहिजे. अरे बाबांनो, ज्याला आपल्या घरामागच्या खड्ड्याचं माप घेता येत नाही तो व्यवस्थेचं माप काय घेणार? महाडला पाणी होतं, अंबादेवीला उंबरठा होता, गायरानात नांगर होता. प्रत्येक वेळी लढाई एका जागेवरूनच सुरू झाली. आज कुठं दोनशे चौरस मीटर आहे. त्यावर लोखंड उभं राहो, हरकत नाही. पण ते आपल्याला वगळून उभं राहता कामा नये.

येत्या महिन्यात प्रत्येकानं एक गाव घ्या. एक दोरी, एक वही, दोन बाया, दोन पोरं. टावर मोजा, घरं मोजा, जिथं टावर नाही तिथं रेघ कुठं मिळते ते मोजा. वह्या घेऊन या. पुढच्या बैठकीत मी बोलणार नाही, तुमच्या वह्या बोलतील.

जयभीम.